मॉड्यूलचा कार्बन क्रेनच्या हुकावर ठरतो

मॉड्यूलर बांधकामात, म्हणजे खोलीएवढे तयार खोके (मॉड्यूल) कारखान्यात बनवून साइटवर क्रेनने रचण्याच्या पद्धतीत, कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट आधी ट्रेलरकडे जातं. एकदा हिशेब मांडून बघावा. साइट २०० किलोमीटरवर आहे. भरलेला ट्रेलर शंभर किलोमीटरला साधारण ३५ लिटर डिझेल पितो आणि रिकामा परतताना २५, म्हणजे फेरीला १२० लिटर. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर झाले सव्वातीनशे किलो. त्याच ट्रेलरवरच्या मॉड्यूलच्या सांगाड्यात ४ टन पोलाद असेल आणि ते ब्लास्ट फर्नेसचं (कोळशावर लोहखनिज वितळवणाऱ्या भट्टीचं) असेल, तर टनामागे दोन टनांच्या वर उत्सर्जन, म्हणजे आठ टन तिथेच गेले. सांगाड्यातलं एक टन पोलाद कमी झालं की सहा फेऱ्यांचं डिझेल वसूल.

आता हे जास्तीचं पोलाद येतं कुठून? बऱ्याचदा ते इमारतीसाठी नसतंच, उचलण्यासाठी असतं. भिंतींवर भार वाहणारं मॉड्यूल इमारतीत बसलं की त्याला लांबीभर खालून आधार मिळतो. पण क्रेनवर चार कोपऱ्यांना लटकवलं की तोच तळाचा बीम अख्खे १२ मीटर पेलतो. आयुष्यातल्या दोन दिवसांसाठी बीम जाड होतो आणि त्याचा कार्बन कायमचा माथी बसतो.

यावरचा उपाय जुना आहे. उचलायचे बिंदू टोकांपासून लांबीच्या ०.२०७ पट आत घ्यायचे, १२ मीटरला जवळपास अडीच मीटर. समान भाराखाली बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) टोकाच्या आधारांच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. हुक आणि मॉड्यूलच्या मध्ये दोर सरळ उभे ठेवणारी स्प्रेडर फ्रेम हवीच, कारण तिरक्या स्लिंगमुळे (उचलायच्या दोरांमुळे) वरची चौकट आत दाबली जाते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे क्रेनचे बिंदू आत घेतले, पण ट्रेलरवर मॉड्यूल टोकांनाच टेकवलं. मग पहिल्या खड्ड्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीच्या आतल्या बोर्डाला तिरकी चीर जाते, साइटवर बोर्ड बदलावा लागतो आणि कमावलेलं तिथेच सांडतं. (फक्त कोपऱ्यांच्या खांबांवर उभ्या राहणाऱ्या मॉड्यूलला ही बचत मिळत नाही, तिथे बीम इमारतीतही खांबांमधलं तेवढंच अंतर पेलतो.)

पोलाद कमी करून झालं की मग भंगारापासून इलेक्ट्रिक आर्क भट्टीत केलेलं मागवा. वीज फारशी कोळशाची नसेल तर उत्सर्जन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं. आधी जाड बीम तसाच ठेवून मग हिरव्या (कमी उत्सर्जनाच्या) पोलादाचं प्रमाणपत्र जोडणं म्हणजे उलटं काम.

काँक्रीटच्या मॉड्यूलमध्ये गोम वेगळी. निम्म्या सिमेंटच्या जागी पोलाद भट्टीची दळलेली स्लॅग (मळी) घातली की कार्बन चांगलाच उतरतो, पण सुरुवातीची ताकद हळू येते आणि साचा तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा हवा असतो. मग काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून दिली जाणारी वाफ वाढवली जाते. बॉयलरचं इंधन बचत खातं, आणि आतलं तापमान ७० अंशांच्या वर गेलं तर एट्रिंगाइट (सिमेंटमध्ये तयार होणारे, फुगणारे स्फटिक) उशिरा तयार होऊन महिन्या-वर्षांनी तडे पडू शकतात. त्यापेक्षा पाणी कमी करा, साच्यावर इन्सुलेशनची ताडपत्री टाकून काँक्रीटची स्वतःचीच उष्णता धरून ठेवा. ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूब २० अंशांच्या टाकीत नकोत, साच्याच्याच तापमानात ठेवा. नाहीतर साचा खरोखर कधी उघडता येईल ते कळणारच नाही.

बोर्डाच्या कचऱ्याचा निर्णय ड्रॉइंगवर होतो. बोर्ड २४४० मिलिमीटरचा आणि आतली उंची २५००, की प्रत्येक भिंतीला ६० मिलिमीटरची पट्टी कापा. एकतर उंची बदला, नाहीतर मापाचा बोर्ड मागवा. बोर्ड १२०० रुंद असेल तर स्टड (बोर्डामागचे उभे पट्टे) ६०० वर. ४०० वर लावायला कारण लागतं, सवय पुरत नाही.

एसी कारखान्यातच बसवून पाठवत असाल तर इकडे लक्ष द्या. एक किलो आर-४१०ए (एसीतला थंड करणारा वायू) गळला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान, म्हणजे वर हिशेब केलेल्या ट्रेलरच्या सहा फेऱ्या! प्रवासाच्या हादऱ्यांनी नळ्यांचे फ्लेअर (नटाने आवळलेले) जोड सैल पडतात, म्हणून ब्रेझ केलेले (धातू वितळवून सांधलेले) जोड घ्या आणि साइटवर गळती पुन्हा तपासा. दुसरा वायू आर-३२, त्याचा परिणाम किलोमागे साधारण तिसरा हिस्सा.

शेवटचा मुद्दा पुनर्वापराचा. मॉड्यूल पुढे कधी तरी काढून दुसरीकडे वापरता येईल म्हणून त्याचं श्रेय आजच्या आकड्यातून वजा केलेलं अहवालांत दिसतं. इमारतींच्या कार्बन हिशेबाच्या ईएन १५९७८ या युरोपीय मानकाप्रमाणे ते ‘डी’ (इमारतीच्या आयुष्यापलीकडचे फायदे) मध्ये वेगळं दाखवायचं असतं, ए१ ते ए३ (कच्चा माल ते कारखान्यातलं उत्पादन) मध्ये मिसळायचं नसतं. आणि मुळात मॉड्यूल जोडणारा बोल्ट स्क्रीडखाली (जमिनीवरच्या सिमेंटच्या थराखाली) गाडलेला असेल तर ते मॉड्यूल फोडल्याशिवाय निघणार नाही. म्हणून असा अहवाल हातात आला की जोडाचं ड्रॉइंग मागवा आणि बोल्टभोवती पाना फिरायला जागा आहे का ते बघा.