मी मागे बसून गाते

"बाई, एवढं गाणं येतं तुम्हाला, मग पुढे बसून का नाही गात?" भजनाचा कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतोच. कधी मंडळात नव्यानं आलेली सून विचारते, कधी स्पर्धेचे परीक्षक, आणि आता घरची नातसुद्धा विचारायला लागली आहे. त्या वेळी हातात चहा असतो, पेटी गाडीत चढवायची असते, आणि उत्तर मोठं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज ते नीट सांगते.

मला मागेच बसायचं असतं. झील धरायला, म्हणजे पुढच्या बाईची ओळ मागून उचलून धरायला. पुढची जागा कुणी दिली नाही असं नाही, आणि मी लाजते असंही नाही. लहानपणी गाणं मला जसं भेटलं, तसंच मला ते अजून हवं आहे.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात. नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गुरुकुंज मोझरी आमच्यापासून जवळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हणायचे, १९५५ साली जपानच्या जागतिक परिषदेला गेले तेव्हाही खंजिरी सोबत होती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या गावाला मात्र महाराजांकडून जे रोज मिळत होतं ते म्हणजे सामुदायिक प्रार्थना. दिवेलागणीला देवळापुढे सतरंज्या पडायच्या आणि माणसं रांगेनं बसायची. ज्याच्या घरी चार बैलजोड्या तो आणि त्याचा सालदार एकाच रांगेत. पोरं सगळ्यांत पुढे. महाराज १९६८ साली गेले तेव्हा मी तान्ही होते, त्यामुळे त्यांचा आवाज मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. पण त्यांनी बसवलेली रांग माझ्या वाट्याला पुरेपूर आली.

त्या रांगेत मी पहिल्यांदा गायले, आणि गायले म्हणजे जोरात ओरडले. माझ्या मागे मोठी आई बसायची, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, वडिलांच्या थोरल्या भावाची, बायको. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाली, "तुया आवाज तुलेच आयकू येते का? मंग जास्त झाला तो. बाजूवालीचा आयकू आला पाह्यजे."

मोठी आई शाळेत गेलेली नव्हती. सरगम तिला माहीत नव्हती. पण एकत्र गाण्याबद्दल याहून नेमकं मला पुढे कुणीही सांगितलं नाही. मी आवाज कमी केला, आणि बाजूच्या मुलीचा ऐकू आला. मग तिच्या पलीकडचीचा. मग मागच्या बायकांचा, मग बाजूच्या रांगांतल्या पुरुषांचा खालचा घुमारा. माझा आवाज त्यात कुठे होता ते मला कळेना, आणि तरी तो त्यात होता हे नक्की कळत होतं. मला गाणं आवडायला लागलं ते त्या संध्याकाळी.

त्यानंतर भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हातात टिपऱ्या. शेवटी खिरापत असायची, पण ती ओळखल्याशिवाय मिळत नसे. घरची बाई झाकण लावलेला डबा कानाशी हलवून दाखवी. फुटाणे वेगळे वाजतात, मुरमुरे वेगळे, आणि खोबऱ्याचे तुकडे डब्याच्या तळाला ठक् लागतात. आज परीक्षक म्हणतात, बाई, तुमचा कान तयार आहे. तो त्या डब्यांवर तयार झाला. खरंच सांगते.

कोजागरीला भुलाबाई उठली की काकडा सुरू. कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे उठायचं. ते दिवस कापूस वेचणीचे, त्यामुळे बायका काकड्याहून परस्पर वावरात जायच्या. माझ्याकडे कणकेचं काम होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक थापतात. ती आमच्या घरून वाटीत न्यायची मी. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, थोडी खरवडली की चढतो. पखवाजवाले काका बोटानं चिमूटभर काढायचे, थाप मारायचे, कान लावायचे, पुन्हा काढायचे. दवानं खंजिरीचं कातडं सैल पडलेलं असे, तर दुसरं कुणी ती शेकोटीवर धरून शेकत बसलेलं. भजन सुरू होण्याआधीचा तो सगळा वेळ मला फार आवडायचा. वाद्यं एकमेकांना सापडेपर्यंत कुणीच घाई करत नसे. आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला की मंडळी लगेच सुरू होतात. सोय आहे, मी नाव ठेवत नाही, पण पोरांना ती वाट बघणं पाहायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं.

लग्न होऊन मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत आले, ब्रह्मपुरीच्या बाजूला. कापसाच्या मुलखातून धानाच्या मुलखात. बोली वेगळी, भाजी वेगळी, आणि जुलै-ऑगस्टात गुडघाभर चिखलात रोवणी. पहिल्या पावसाळ्यात मला काहीच जमत नव्हतं. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी डाव्या हातात, उजव्या हातानं रोवत बायका ओळीनं वाकून मागे मागे सरकतात, आणि मी सारखी ओळ सोडायची. मग एका म्हातारीनं गाणं काढलं. गाणं मला नवीन होतं, पण उचलायचं कसं ते मला माहेरी शिकवलेलं होतं. शेवटचा शब्द पकडायचा, पुढच्या खेपेला अर्धी ओळ, तिसऱ्या खेपेला पूर्ण. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझा हातही त्या लयीत पडायला लागला. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "गानं येते हिले, काम येईल." त्या मुलखात माझी ओळख गाण्यानं झाली, आणि तीही मागून म्हणण्यानं.

झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होतं, रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं ठाणं, आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. थंडीत घोंगड्या पांघरून माणसं उजाडेपर्यंत बसतात. वादक मंचापुढे खाली, नट स्वतः गाणारे. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले. मला त्यातही खडी गंमत, हा उभ्यानं सादर होणारा शाहिरी प्रकार, जवळचा. शाहीर पुढे येऊन ओळ म्हणतो आणि त्याचे साथीदार उभ्या उभ्या तो सूर असा उचलतात की शाहिराला पुढच्या ओळीसाठी छाती भरून श्वास घेता येतो. लोक शाहिराकडे बघतात. मी साथीदारांकडे बघते.

रेडिओचंही तसंच. आकाशवाणी नागपूर सासरी-माहेरी दोन्हीकडे लागायचं. आमच्या मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे लागले की सासरे ट्रान्झिस्टर खाटेवर मधोमध ठेवायचे आणि कुणी बोलायचं नाही. वसंतरावांची तान कुठून निघेल आणि कुठे उतरेल याचा नेम नसे, ती ऐकताना अंगावर काटा यायचा. पण माझा कान थोड्या वेळानं तंबोऱ्याकडे जायचा. एवढं सगळं ज्याच्या आधारावर चाललं आहे तो तंबोरा, एकसारखा, न थांबता. त्याच्याशिवाय ती तान कुठल्या घरी परतली असती?

आता झील धरणं म्हणजे काय काम आहे ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की पुढचा म्हणतो तेच मागून म्हणायचं, त्यात काय.

पहिलं म्हणजे श्वास. ओळ संपली की सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर आवाजात भोक पडतं. म्हणून शेजारणीनं कुठे घेतला ते ऐकून आपण दुसरीकडे घ्यायचा, शब्दाच्या मध्ये, चोरून. आमच्या मंडळात हे इतकं मुरलं आहे की पाच बायकांचा आवाज कुठे तुटत नाही. मग पट्टी. पुरुष मंडळी काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, ती बायकांना खाली पडते आणि वरच्या सप्तकात घेतली तर ओरडायला होतं. आमची पेटी काळी चारला लागते. पुढची बाई दमली की सूर कणभर उतरतो, तिला ते कळत नाही. तिला टोकायचं नसतं. आपण आपला सूर जागेवर ठेवला की पुढच्या ओळीला ती आपोआप वर येते. लय चढते तेव्हा उलट. खंजिरीवाल्याला चेव येतो, आठ मात्रांचा ठेका धावायला लागतो आणि शब्द चिरडले जातात. अशा वेळी झील स्वच्छ आणि जड ठेवली तर तो परत येतो. आणि पुढची एखादा शब्द विसरली तर ऐकणाऱ्याला कळायच्या आत तो मागून आलेला पाहिजे. त्यासाठी सगळी भजनं, सगळी कडवी पाठ असावी लागतात. पुढची कुठलं भजन काढेल ते तिच्या हातात असतं.

पुढे बसून गायले आहे मी. आमच्या मुख्य गायिकेचा घसा बसला तेव्हा मीच गायले, आणि चांगलं झालं, लोकांनी मनापासून दाद दिली. पण पुढे बसलं की मागचा आवाज पाठीवर येतो. त्याच्या आत बसता येत नाही. मला आत बसायचं असतं.

मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखो माणसं उभी असतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. मी लहानपणापासून जमेल तेव्हा जाते. सगळे त्या शांततेबद्दल बोलतात आणि ते खरं आहे. मला मात्र तिथे प्रार्थना उठते तेव्हा भरून येतं. एवढ्या गर्दीत पहिला सूर कुणाचा ते कळत नाही. कुणाचाच नसतो. मी तिथे दर वेळी रडते, आणि रडताना गाणं सोडत नाही, कारण बाजूवालीला माझा सूर हवा असतो.

आता माझं एक मागणं, आणि ते भजन स्पर्धा ठेवणाऱ्यांना. मी पाहिलेल्या स्पर्धांत बक्षिसं असतात ती उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट खंजिरीवादक, उत्कृष्ट पेटीवादक अशी. माईक पुढच्या बाईच्या तोंडाशी, दुसरा पेटीला, तिसरा खंजिरीला. मागच्या बायका गळ्याच्या शिरा ताणून गातात आणि मांडवात ऐकू येते ती एकटी पुढची. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाहिला तर आमचे नुसते ओठ हलताना दिसतात. नव्या मुली ते बघतात आणि मला येऊन म्हणतात, मागे बसून काय उपयोग. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना तो आवाज ऐकूच आलेला नाही. तर एक माईक मागे ठेवा. चांगला, उंच स्टँडचा, बायकांच्या डोक्याच्या वर आणि थोडा पुढे, म्हणजे एकीचाच आवाज न येता सगळ्यांचा येईल. साउंडवाल्याला सांगून त्याचा आवाज पुढच्या माईकच्या जवळपास ठेवा. आणि गुणपत्रिकेत झिलीसाठी वेगळा रकाना काढा. एवढं या हंगामात कुणी केलं तर मला कळवा, कितीही लांब असलं तरी आमचं मंडळ येईल.