जुन्या गोदामातले घर: नूतनीकरणाचा माझा अनुभव

जुन्या शहरी इमारतीतला लॉफ्ट, म्हणजे गोदाम किंवा कारखान्याच्या मोकळ्या मजल्यावर केलेले घर, म्हटले की उंच छत, उघड्या विटा, बिडाचे खांब आणि भिंतभर खिडक्या डोळ्यांसमोर येतात. आम्हालाही त्यांचीच ओढ होती. पण शंभर वर्षांहून जुन्या गोदामाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ऐषआरामाचे घर करताना माझे एक मत पक्के झाले: नवे काम कितीही देखणे असले, तरी त्याने जुन्या बांधकामाचा श्वास कोंडता कामा नये आणि पुढे कोणाला ते काढायचे झाले, तर मूळ भिंत शाबूत राहिली पाहिजे. आमचा प्रत्येक निर्णय अखेर याच कसोटीवर झाला.

सुरुवात स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या तपासणीने झाली. गोदामाच्या जमिनी मालाचे ओझे पेलायला बांधलेल्या असतात, त्यामुळे घराचे वजन त्यांना जड नाही, असे सगळेच सांगतात. ते बहुधा खरेही असते. मात्र लाकडी तुळई मधोमध मोडत नाही, ती भिंतीत शिरते त्या टोकाशी कुजते, कारण बाहेरची ओल तिथेच मुरते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो. आमच्या सुताराने ओलावा मोजण्याआधी हातातला बारीक पेचकस तुळईत जागोजागी टोचून पाहिला. मधल्या भागात तो टोकापुरताही शिरला नाही आणि खिडकीखालच्या भिंतीलगत मुठीपर्यंत आत गेला. तेवढा भाग कापून त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा जोड दिला. बाकीची तुळई जशीच्या तशी ठेवली. बिडाच्या खांबांबद्दल इंजिनीअरने सक्त ताकीद दिली होती. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि धक्का सोसत नाही, म्हणून दिवे किंवा फडताळे लावण्यासाठी त्यात भोके पाडायची नाहीत आणि त्यावर वेल्डिंग तर मुळीच करायचे नाही.

परवानगीला वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता, असे मला वाटते. वारसा इमारतींच्या जतनाचा पाया मानली जाणारी व्हेनिस सनद 1964 साली संमत झाली. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनःस्थापना थांबली पाहिजे आणि नव्याने भरलेला भाग मूळ रचनेशी जुळणारा, पण तिच्यापासून ओळखता येणारा असावा, ही त्या सनदेतली दोन सूत्रे आमच्या वास्तुविशारद बाईंनी पहिल्याच भेटीत समजावून दिली. त्यामुळे नाहीशी झालेली नक्षीदार कंगणी (भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेली पट्टी) कल्पनेने पुन्हा घडवण्याचा विचार आम्ही सोडून दिला. प्रत्येक खिडकीचे छायाचित्र, मोजमाप आणि तिचे काय करणार याची नोंद अर्जाला जोडली, म्हणून नंतरचे प्रश्न मोजकेच आले.

सर्वांत जास्त कष्ट भिंतींनी घेतले. मूळ बांधकाम चुन्यातले आणि त्यावर मधल्या काळात कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला. पोर्टलँड सिमेंटचे, म्हणजे आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिमेंटचे, पेटंट 1824 सालचे. पुढे ते सर्वत्र मिळू लागल्यावर जुन्या भिंती त्यानेच दुरुस्त करण्याची रीत पडली आणि त्या रीतीने अनेक चांगल्या इमारतींचे नुकसान केले. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो, भिंतीतले पाणी त्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी विटेतून वाट काढते, विटेच्या पृष्ठभागामागे क्षारांचे स्फटिक धरतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. आमच्या भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला होता तो नेमका सिमेंटच्या पट्ट्यांच्या कडेने. ग्राइंडर चालवला तर विटांच्या कडा जातात, म्हणून गवंड्यांनी छिन्नी-हातोडीने, हळुवार हाताने, सांधे त्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत मोकळे केले. सांधे भरायचा मसाला विटेपेक्षा मऊच ठेवला, कारण झीज व्हायची तर ती बदलता येणाऱ्या सांध्याची व्हावी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश कडक होतो. तो घाईने वाळू नये म्हणून भिंतीवर ओले गोणपाट टांगून ठेवावे लागले. ठेकेदाराचा आग्रह होता की उघड्या विटांवर छिद्रे बुजवणारा पारदर्शक सीलर मारावा, म्हणजे भुकटी पडणार नाही. मी ठाम नकार दिला. मऊ ब्रशने झाडलेली वीट आजही सुंदर दिसते आणि जिथे भुकटीचा खरोखर त्रास होता, त्या झोपण्याच्या बाजूच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करून चुन्याचाच हात दिला.

पोटमाळा हा सगळ्यांच्या आवडीचा भाग, आणि तिथेच जुन्या बांधकामाला जखडण्याचा मोह सर्वाधिक होतो. आमचा माळा स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर उभा आहे. त्याचे पाय इंजिनीअरने हिशेब करून दिलेल्या जागी, खालच्या तुळयांच्या रेषेवर येतात. सगळे जोड नट-बोल्टचे आहेत आणि सांगाडा विटेला कुठेच टेकत नाही. भिंत आणि माळ्याची कड यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट आहे, तिच्यातून संध्याकाळचे ऊन खाली उतरते. उष्ण हवा वर साठते म्हणून छताला संथ फिरणारा मोठा पंखा घेतला. नव्या लाकडी फरशीखाली रबराचा थर घातला, नाहीतर खालच्या मजल्यावर प्रत्येक पाऊल ऐकू गेले असते.

जुन्या रंगात विषारी शिसे निघाले, तेव्हा धूळ उडू नये म्हणून खिडक्या कोरड्या न घासता ओल्या करून खरवडल्या आणि कचरा वेगळा दिला. मूळ चौकटी राखून आतल्या बाजूने, 100 ते 150 मिलिमीटर अंतर सोडून, दुसरी काच बसवली. रस्त्याच्या आवाजासाठी हे अंतर फार उपयोगी पडते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सांडपाण्याच्या जुन्या नळालगतच ठेवले, कारण लांब नेले असते तर नळाला उतार मिळाला नसता.

आता जिन्याकडची एक भिंत बाकी आहे. तिच्यावरचे सिमेंट काढायला इमारतीतल्या इतरांची संमती मिळाली आहे आणि हवा कोरडी झाली की तेच गवंडी ते काम हाती घेतील.