तुम्ही विचारलंत म्हणून: उपयोगाचा धडाच मुलांना नकोसा का?

पालक नेहमी विचारतात: दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ आहे, म्हणजे जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, सगळं उद्या लागणारं. मग मुलं नेमका तोच धडा ऑप्शनला का टाकतात? आणि सरही तो भराभर का उरकतात?

दोघांचा हिशेब वेगळा आहे. वर्गसमीकरणाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: अवयव पाडा, नाहीच पडले तर सूत्रात किमती घाला. इथे मात्र आधी पाच ओळींचं उदाहरण वाचायचं, मग कशाचे टक्के कशावर काढायचे ते ठरवायचं. दोन तासांच्या, 40 मार्कांच्या पेपरात मुलांना हे महागात पडतं. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर असते अकरावी सायन्स. तिथे वर्गसमीकरण पदोपदी, लाभांश (कंपनी भागधारकांना देते तो नफ्यातला वाटा) कुठेच नाही. तासिका कमी पडल्या की कात्री इथेच लागते. (शेअर कधी घेतलाच नसेल तर दलाली (शेअर घेऊन-विकून देणाऱ्याचं कमिशन) शिकवताना अवघडल्यासारखंही होतं. हे स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही.)

‘सोपा आहे, घरून करून या’ म्हणून सोडून दिलं की काय होतं ते बघा. दर्शनी किंमत (शेअरवर लिहिलेली मूळ किंमत) 10 रुपये, बाजारभाव 200, शेअर्स 50, दलाली 0.1 टक्का. शेअर्सचे 10,000, दलाली 10 रुपये, आणि 18 टक्के जीएसटी त्या 10 रुपयांवर, म्हणजे 1.80. एकूण 10,011.80. मुलं 18 टक्के थेट 10,000 वर लावतात आणि 1,800 रुपये कर काढून मोकळी होतात. विकताना हाच खर्च वजा करायचा असतो, तिथेही सवयीने मिळवतात. लाभांश 20 टक्के असेल तर तो दर्शनी किमतीवर, शेअरमागे 2 रुपये. मुलं 200 वर काढून 40 लिहितात. गुंतवणुकीच्या मानाने परतावा जेमतेम 1 टक्का पडतो, हे कळलं की वर्ग पहिल्यांदा जागा होतो.

आमचं मत विचाराल तर धडा पुस्तकातून नव्हे, बिलांतून सुरू करावा. प्रत्येकाने घरून एक बिल आणायचं: हॉटेलचं, मेडिकलचं, मोबाइलच्या दुकानातलं. आधी पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक शोधायचा. सुरुवातीला 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा, पुढची दहा म्हणजे पॅन. मग केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मानिम्मा आहे का ते पडताळायचं. एखाद्या बिलावर कर दाखवलेलाच नसतो. तिथे दुकानदाराला चोर ठरवण्याआधी कॉम्पोझिशन योजना सांगावी: त्यात छोटा दुकानदार उलाढालीवर ठरावीक दराने कर स्वतः भरतो, गिऱ्हाइकाच्या बिलावर लावत नाही.

एक अडचण येतेच. पुस्तक 2018 चं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे 12 आणि 28 टक्क्यांचे दर गेले. मुलं बिल पुढे करून विचारतात, ‘सर, पुस्तक चुकलंय का?’ परीक्षेत उदाहरणात दिलेला दरच घ्यायचा, एवढं स्पष्ट सांगून टाकावं.

शेवटी छापील किमतीचं एक उदाहरण फळ्यावर हवंच. करासहित 118 रुपये, दर 18 टक्के, तर कर किती? निम्मा वर्ग 21.24 म्हणतो. 118 रुपयांना 118 ने (100 अधिक 18) भागून 18 ने गुणायला लावा: कर 18 रुपये.