पाच टाक्यांचा दोर

१९८६ साली मुंबईच्या दारूखान्यात आठ बाय दहाच्या गाळ्यात आम्ही शिप चँडलिंग, म्हणजे बोटींना लागणारा माल पुरवायचा धंदा, सुरू केला. भांडवल माझं, हात हरिकाकांचे. दापोलीचे हरिकाका सारंग (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) म्हणून बोटीवरून उतरले आणि थेट माझ्याकडे आले. त्यांचा सागवानी फिड, दोराचे पीळ उघडायचा टोकदार दांडा, आजही गल्ल्यामागे टांगलेला आहे, हाताच्या तेलाने काळा पडलेला. नायलॉनच्या हॉसरला, म्हणजे बोट बांधायच्या जाड दोराला, आय (टोकाचा गुंफलेला फास) मारायची तर पाच टाके पूर्ण, चौथ्यावर हात थांबवणाऱ्याला ते उठवून घरी पाठवायचे.

मग २००९ आलं. आमच्याच गल्लीत एक नवा पुरवठादार उभा राहिला. बिलात रंगाचे वीस ड्रम, बोटीवर चौदा, उरलेल्या सहांचे पैसे वर वाटायचे. बंदराच्या गेटवरही त्याचं पाकीट ठरलेलं. आम्ही देत नव्हतो, म्हणून आमचं शिपिंग बिल, मालाचा कस्टम्सचा कागद, टेबलावर पडून राहायचं. भाजी-मटणाचा टेम्पो दोन दिवस गेटबाहेर उभा, बोट भरती साधून निघून गेली. असं तीनदा झाल्यावर जहाज कंपनीने आमचं नाव यादीतून काढलं. सात महिन्यांचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

पाटल्या सोडवल्या, पण एक गोष्ट अजून सलते. त्या पुरवठादाराचा दोर झेरॉक्स सर्टिफिकेटवर पास झाला होता. बोट बांधताना तो तुटला आणि गुहागरच्या एका पोराचा पाय मोडला. हरिकाका रोज हॉस्पिटलात जात. लाचेचा पैसा मालकाच्या खिशातून जातो असं लोक समजतात. तो खलाशाच्या ताटातून आणि हाडांतून जातो.

२०११ साली जहाज कंपन्यांनीच एकत्र येऊन मॅरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क उभं केलं. अशा कंपन्यांची कामं पुढे आम्हाला मिळाली, आणि गाळा टिकला.

नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांनो, माल मोजून झाल्याशिवाय डिलिव्हरी नोटवर चीफ ऑफिसरचा शिक्का घेऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करा. कोणी, कधी, कोणत्या टेबलावर मागितलं ते त्याच रात्री लिहा. माझी २००९ ची डायरी कपाटात आहे. त्यात सव्वीस नोंदी आहेत, आणि शेवटची हरिकाकांच्या अक्षरात, त्या पोराच्या वॉर्डाचा नंबर.