किल्ली कुणाकडे ठेवलीय?

कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, ही आपल्याकडची रीत. एकदा नव्हे, दोनदा. जिना उतरून रिक्षात बसल्यावरही घरातलं कुणीतरी विचारतंच, "ओढून बघितलंस ना?" किल्ली फिरताना स्वच्छ 'खट्' आवाज आलेला असतो, पण हाताची खात्री पटल्याशिवाय पाय निघत नाही. आता आमच्या मजल्यावर बऱ्याच दारांना डिजिटल लॉक बसली आहेत. दार ओढलं की ती आपली आपण लागतात, बारीक आवाजात तसं कळवतातही. तरी माणसं हँडल धरून दार गदागदा हलवतातच. यंत्र बदललं, मनगट तेच आहे.

कुलपाच्या पोटात काय चालतं हे मला रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे उभं राहून कळलं. लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला खाच. किल्लीचे दाते एकेक पट्टी हवी तेवढीच उचलतात, सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि बोल्ट सरकतो. एखादी पट्टी केसभर जास्त उचलली तरी अडलं. हरवलेली किल्ली बनवताना चावीवाला कोरी किल्ली आत घालतो, अलगद पिळतो, बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. पितळेवर बारीकसा ओरखडा उठलेला असतो. नेमकी तिथे कानस फिरवायची, पुन्हा आत, पुन्हा उजेडात. बोलणं नाही, घाई नाही. एका क्षणी कुलूप उघडतं आणि तो पैसे सांगतो, तेव्हा ते फारच कमी वाटतात. त्याच वेळी मनात येतं, याला आपल्या घराचा पत्ता माहीत नाही ते बरं.

म्हणजे जुनी कुलपं अभेद्य होती वगैरे काही नाही. लंडनमधल्या जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीने आपलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडलं होतं. जो उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस, असं आव्हान. कित्येक वर्षं ते कुणाला दाद देईना. १८५१ च्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेतून आलेल्या हॉब्ज नावाच्या कारागिराने बरेच दिवस खपून, एकूण पन्नासेक तास काम करून ते उघडलं. आपल्याकडे वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं करायला घेतली, आणि पुढे कित्येक घरांत 'गोदरेजचं आहे' एवढं म्हटलं की गावाला निर्धास्त जाता येऊ लागलं. कुलूप विकणारा खरं तर ही निर्धास्त झोपच विकत असतो.

कुलपाचा एक गुण मात्र मला फार आवडतो. ते तुम्ही कोण हे विचारत नाही. किल्ली आहे? मग या. त्यामुळे किल्ली घरभरच काय, गल्लीभर फिरायची. शेजारच्या काकूंकडे एक, मीटरच्या पेटीवर एक, कुंडीखालची तर चोरासकट सगळ्यांना ठाऊक. गॅसचा सिलेंडर आला की काकू आमचं घर उघडून तो आत घ्यायच्या, जाताजाता ओट्यावरचं दूधही झाकून ठेवायच्या. त्यांनी किती वाजता दार उघडलं, किती वेळ आत होत्या, याची नोंद कुठेही नाही. कुणाला हवीही नव्हती.

नव्या व्यवस्थेचा पहिला प्रश्नच 'कोण?' हा असतो. आमच्या इमारतीच्या लोखंडी दाराला वर विद्युतचुंबक आहे आणि शेजारी कार्ड टेकवायची पेटी. कार्डात बॅटरी नसते. पेटीजवळ नेल्यावर तिथल्याच लहरींवर ते जागं होतं आणि आपला नंबर सांगतं. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. चुंबक दार असं धरून ठेवतो की धट्टाकट्टा माणूसही ते ओढू शकत नाही. वीज गेली की मात्र सोडून देतो. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून तो तसाच बनवलेला असतो आणि ते योग्यच आहे. पण बॅटरी बॅकअप म्हातारा झाला की लाइट गेल्याबरोबर आमचं दार येईल त्याला उघडं. मग वॉचमन त्याला वीट लावतो. आमचंच काय, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं सगळं जाळं बंद पडलं, तेव्हा त्यांच्या कर्मचाऱ्यांची ओळखपत्रंही कार्यालयाच्या दारांना चालेनाशी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

खरी पंचाईत बोटांची. धुणीभांडी करणाऱ्या मावशी सकाळी यंत्रापुढे उभ्या राहतात. अंगठा लावतात. आतली बाई म्हणते, "प्लीज ट्राय अगेन." मावशी पदराला बोट पुसतात, पुन्हा लावतात, मग मधलं बोट, मग डावा हात. भांड्यांची पावडर आणि साबण यांनी रेषा झिजल्या आहेत. "ताई, रेशनच्या दुकानातपण असंच करतंय बघा," असं म्हणून त्या हसतात आणि वॉचमन आपल्या कार्डाने दार उघडून देतो. ज्यांच्या कष्टावर इमारतीची सकाळ चालते, त्यांनाच यंत्र ओळखत नाही. कुलपाने असा अपमान कधी केला नव्हता.

एकाच कारणासाठी मी नव्या लॉकला हात जोडते. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा न्हाणीघरात पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने परदेशातून फोनवरून दार उघडून दिलं. एरवी दार फोडावं लागलं असतं.

आणि ज्यांना कुलूपच नको असतं त्यांचं काय? शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, पण कुलूपकडीची परंपरा नाही. राखण शनिदेवाची. तिथे २०११ मध्ये युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, त्याचं केवढं कौतुक झालं! पुढे वाचनात आलं की त्या काचेच्या दारालाही सहज दिसणार नाही असं, दुरून चालणारं चुंबकी लॉक आहे. देवावर विश्वास आणि बँकेची शिस्त, दोन्ही सांभाळलं. मला तर हे फारच मराठी वाटलं.

डिजिटल लॉकचं खोकं कधी उघडून बघा. माहितीपुस्तिका, स्क्रू, सेल आणि बहुतेक वेळा तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत दोन साध्या लोखंडी किल्ल्या. सेल संपले, बोटं चालेनात, अंक आठवेनात, तर म्हणून. समोरच्या नव्या बिऱ्हाडाने त्या हौसेने कपाटात ठेवल्या, म्हणजे घराच्या आत. पुढच्याच आठवड्यात काकूंचं दार वाजलं, "काकू, ही एक तुमच्याकडे राहू दे का?" काकूंनी ती आमच्या किल्लीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "सिलेंडर कधी येतो तुमचा?"