ज्योत मंदावते तेव्हा

आज दुपारी कोथरूडला मैत्रिणीच्या घरी, पडदे ओढून, जॉर्ज क्युकर यांचा १९४४ सालचा ‘गॅसलाइट’ पाहिला. नायिका पॉला हिच्या नवऱ्याने पोटमाळ्यावर गॅसचा दिवा लावला की गॅसचा दाब कमी होऊन खालच्या खोलीतली ज्योत मंदावते; कारण ठाऊक नसलेल्या पॉलाला मात्र आपलेच डोळे आपल्याला फसवत आहेत असे वाटू लागते. (इतक्या जुन्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावणार नाही, असे धरून चालते.) प्रेक्षकाला नवऱ्याचा संशय बराच लवकर येतो, तरीही ताण सैल पडत नाही, कारण इथे खरा प्रश्न गुन्हेगार कोण हा नसून हिचा स्वतःवरचा विश्वास किती काळ टिकेल, हा आहे. मैफलीत नवऱ्याचे घड्याळ तिच्याच पिशवीत सापडते, तेव्हा इन्ग्रिड बर्गमन यांनी आधी चेहरा सावरण्याची धडपड आणि मग भर सभेत फुटलेला हुंदका ज्या क्रमाने दाखवला आहे, तेवढ्यासाठीही त्यांचे ऑस्कर मला योग्य वाटते. नवरा झालेल्या शार्ल बॉयर यांचा आवाज धमकीपेक्षा काळजीच्या सुरात अधिक भीती घालतो. मोलकरीण झालेल्या अँजेला लॅन्सबरी यांचा तर हा पहिलाच चित्रपट, पण त्यांच्या उर्मट नजरेने ते घर पॉलाला अधिकच परके होते.