सेल्फ नुसता ‘टक’ करायचा

गोसीखुर्द धरणाचं पाणी आमच्या शिवाराला लागलं, तेव्हापासून डोंग्यानं मासेमारी करणं अवघड झालं. नुसती वैनगंगा होती तेव्हा या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा माणूस ओ द्यायचा. आता दुपारचा वारा सुटला की बॅकवॉटरमध्ये लाटा उठतात, त्यात पाण्यात उभी वाळलेली झाडं. म्हणून बाबांनी आणि मी फायबरची नाव घेतली आणि तिला 25 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं, इंजिन बसवलं. इंजिन कोकणातून आलेलं, समुद्रात वापरलेलं. बाबांचा उजवा खांदा कामातून गेलाय, आणि या इंजिनाला सेल्फ होता, म्हणजे दोरी न ओढता चावीनं इंजिन फिरवणारी मोटर, म्हणूनच ते घेतलं.

मागच्या नोव्हेंबरात जाळ्याची दोरी पंख्यात गुंतली म्हणून मी मधोमध पाण्यात इंजिन बंद केलं. दोरी कापून काढली, चावी फिरवली, तर नुसतं ‘टक’. परत फिरवली, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, अर्धा फेरा कण्हत फिरलं आणि अडकलं. तिसऱ्यांदा पुन्हा टक. शेवटी वरचं झाकण काढलं, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केली, दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवली, गुंडाळली आणि ओढली. सातव्या झटक्याला इंजिन लागलं. काठाला येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. बॅटरी उतरली असेल म्हणून नवी आणली. दोन दिवस सेल्फ बरा लागला, मग पुन्हा तेच. टक आवाज सोलेनॉइडमधून, म्हणजे चावी फिरवली की सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचमधून, येतो म्हणून सोलेनॉइड बदलला. काही फरक नाही. मीटर लावून पाहिलं होतं, बॅटरीवर 12.6 व्होल्ट. सेल्फच्या बोल्टावर येणारी वायर तपासली, अर्थ (इंजिनाच्या बॉडीला जोडलेली मायनसची केबल) तपासला, मीटर सगळीकडे पीं-पीं वाजत होतं, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही. मग राहिला सेल्फच. तो खोलून मी पवनीला ट्रॅक्टरचे सेल्फ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला.

काकांनी आधी तो खोललाच नाही. व्हाइसमध्ये धरला, त्यांच्या बॅटरीवरून जाड वायरींनी करंट दिला, आणि सेल्फ असा गरगरला की व्हाइस हादरला.

“याले काई नाई झालं,” ते म्हणाले. “मीटर लावलं होतं का?”

“लावलं होतं काका. पुरे 12.6 दाखवते.”

“सेल्फ दाबून लावलं का?”

मी गप्प. ते लगेच समजले.

“पाय, मोटरपंपाच्या पाइपात गाळ बसला, अन् पुढची तोटी बंद असली, त प्रेशर पुरंच दिसते. तोटी उघडली की समजते किती पाणी येते ते. करंट चालू असतानी मोज.”

त्यांनी कागदावर चार जागा काढून दिल्या आणि मीटर कुठे-कुठे टेकवायचं ते सांगितलं. पैसे घेतले नाहीत. बॅटरी आणि सोलेनॉइडवर माझे साडेसहा हजार आधीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सेल्फ परत बसवला आणि नाव काठावर ओढून कामाला लागलो. आधी पेट्रोलची टाकी नळीसकट काढून लांब नेऊन ठेवली, कारण ढिल्या जोडावर ठिणगी पडली तर वाफ पेट घेते. प्लगच्या टोप्या काढून बॉडीला अर्थ केल्या, म्हणजे इंजिन चुकून लागू नये. बाबा चावी फिरवणार, मी मीटर धरणार. एका वेळी चार-पाच सेकंदच, मग दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर सेल्फ तापतो.

चावी फिरवलेली असताना बॅटरीच्या दोन टोकांवर 11.2 आले. म्हणजे बॅटरी चांगली. सेल्फच्या बोल्टावर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर टेकवलं, तर 7.4. जवळपास चार व्होल्ट वाटेतच गडप! आता ते कुठे जातात एवढंच शोधायचं होतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या बोल्टावर: 0.5. त्या एवढ्या वाटेत नवा सोलेनॉइडही आला, म्हणजे तिकडे फारसं काही नाही. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. बाबांनी चावी फिरवली आणि मीटरवर 3.3 आलं.

मी ते तीनदा मोजलं. मायनसच्या पोलापासून केबलच्या लगपर्यंत, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्यापर्यंत, काहीच नाही. इंजिनाकडच्या लगपासून बॉडीपर्यंत 0.1. उरलेलं सगळं त्या दीड मीटर केबलच्या पोटात.

वरून केबल ठणठणीत होती, काळं रबर कुठे फाटलेलं नाही. इंजिनाकडचं टोक ब्लेडनं सोललं. पहिल्या दोन बोटांत तांबं दिसलंच नाही, हिरवा-पांढरा भुगा निघाला. त्याच्या आत तारा काळ्या पडलेल्या, आणि वाकवल्या की वाळल्या गवतासारख्या कडाकड तुटत होत्या. शाबूत तारा मी मोजल्या, बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या. मीटरच्या पीं-पीं आवाजाला तेवढ्या पुरतात. सेल्फला शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तो त्यातून जात नाही. इंजिन समुद्रात असताना लगच्या तोंडातून खारं पाणी रबराच्या आत ओढलं गेलं, आणि ते वर्षानुवर्षं तांबं खात राहिलं. आमच्या गोड्या पाण्यानं एवढं झालं नसतं.

केबल 35 स्क्वेअर एमएमची, तांब्याची घेतली, वेल्डिंगवाले वापरतात ती. लग हातोडीनं ठोकू नका, माझं ऐका. दाबायच्या मशीनवर दाबून घेतले आणि तोंडावर गरम करून आवळणारी नळी चढवली. इंजिनावरची अर्थची जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. प्लसचीही केबल त्याच वयाची, म्हणून तीही बदलली.

तरी एक किरकोळ भानगड निघालीच. आता सेल्फ जोरात फिरायचा, पण कधीकधी नुसताच घुर्रर्र करायचा, वरचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, उडी मारून फ्लायव्हीलच्या दात्यांत जायचं नाही. पिनियनच्या आट्यांवर कोणीतरी घट्ट ग्रीस थापलं होतं, त्यात धूळ बसून त्याचं डांबर झालेलं. रॉकेलनं धुतलं, सुकवलं, पातळ तेलाचा एक थेंब सोडला. झालं.

प्लगच्या टोप्या चढवल्या, टाकी जोडली, नाव पाण्यात ढकलली. चावी मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी फिरवली आणि अर्ध्या सेकंदात इंजिन लागलं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा बंद, पुन्हा लावलं.

गाठ मारलेली ती दोरी मात्र अजून नावेतच असते, बाबांच्या पायाजवळच्या डब्यात.